उकिरड्याची दैना : घरच्या केराच्या नियमांचा एक इतिहास

‘उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. कोणाचेच दिवस कायमचे वाईट राहत नाहीत, हा तिचा सर्वपरिचित अर्थ. तिच्यामागे शेतकऱ्याचा साधा अनुभव आहे. घरामागच्या खड्ड्यात वर्षभर साठलेला केर, शेण, राख, पालापाचोळा कुजतो, त्याचे खत होते आणि पेरणीच्या आधी ते गाडीत भरून शेतात जाते. एरवी ज्याच्याकडे बघूनही नाक मुरडावे, त्याचे काळ्या मातीत सोने होते. मात्र गाडी कोण भरते आणि खड्ड्यात कोण उतरते, याविषयी म्हण काही सांगत नाही. म्हणीकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. इतिहासाकडून ती केली पाहिजे.

घरातील ओला कचरा वेगळा ठेवा, कोरडा वेगळा ठेवा, ओल्याचे खत करा, असे नियम अलीकडच्या काळात आपल्या शहरांत आले. त्यांची चर्चा निघाली की सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘यात नवीन ते काय? आपल्या पूर्वजांच्या घरात काहीच वाया जात नसे.’ हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे सोयीस्करपणे विसरले गेले आहे, असे आम्हांला वाटते. कचऱ्याविषयीचा कोणताही नियम, तो रूढीने घातलेला असो वा कायद्याने, तीन प्रश्नांची उत्तरे देत असतो. काय कशापासून वेगळे करायचे? टाकलेली वस्तू कोणाच्या मालकीची? आणि तिला हात कोणी लावायचा? पहिल्या प्रश्नावर भरपूर लिहिले जाते. दुसऱ्यावर क्वचित. तिसऱ्याचे उत्तर बहुधा कोणी मोठ्याने देत नाही. ते सर्वांना आधीच ठाऊक असते. प्रस्तुत लेखात आम्ही हा तिसरा प्रश्न हाती धरून मराठी मुलखातील केराचा इतिहास वाचण्याचा प्रयत्न करणार आहोत. जिथे तुलनेची गरज आहे तिथे मुलखाबाहेरही डोकावू.

उंबरठ्याच्या आत

आरंभ शब्दांपासून करणे आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकांना सोयीचे. आजचा ‘कचरा’ हा शब्द सर्वसमावेशक आहे. घरातून बाहेर जाते ते सारे त्यात बसते. जुन्या घराची भाषा इतकी ढोबळ नव्हती. झाडून निघतो तो केर. जेवून पानात उरते ते उष्टे. शिजवलेल्या अन्नाचा अंश भांड्याला किंवा ओट्याला लागून राहतो ते खरकटे. कालचे ते शिळे. देवावरून उतरवलेले ते निर्माल्य. मोडके पण कधी तरी उपयोगी पडेल असे वाटणारे सामान ती अडगळ. पुढे शहरांच्या बाजारपेठेत वाचून झालेल्या कागदाची रद्दी झाली आणि मोडक्या धातूचे भंगार. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहून त्यांतील फरक विचारला, तर आजच्या विद्यार्थ्यांना ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ यांच्यातील सीमारेषा सांगताना अडखळायला होते. त्यांच्या आजीला ती झोपेतही सांगता आली असती.

शब्द वेगळे होते, कारण वाटा वेगळ्या होत्या. शेणाचे सारवण होई, गोवऱ्या होत आणि उरलेले उकिरड्यात जाई. चुलीतली राख भांडी घासायला, धान्याला कीड लागू नये म्हणून त्यात मिसळायला आणि अखेर खतात. भाजीची देठे, साली, कोंडा गोठ्यात. जुन्या लुगड्याची आधी बाळाची दुपटी, मग वाकळ किंवा गोधडी, मग पोतेरे. फुटक्या मडक्याचे खापर निखारे न्यायला. पत्रावळी उकिरड्यात सहज कुजत. शहरातही ही वृत्ती बराच काळ टिकली : जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारात आली की तासभर घासाघीस चाले, आणि त्या व्यवहारात ‘टाकणे’ हा शब्द कोणाच्या मनातही येत नसे.

मात्र या वर्गीकरणाचे तत्त्व काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. खतासाठी कुजणारे आणि न कुजणारे हा भेद महत्त्वाचा. शेतकऱ्याला तो पक्का माहीत होता. परंतु स्वयंपाकघरात राज्य होते ते सोवळ्याओवळ्याचे. निर्माल्य आणि उष्टे हे दोन्ही कुजणारेच पदार्थ. एकाला पाय लागता कामा नये आणि दुसऱ्याला हात लागला की हात धुवायचा. रसायनाच्या दृष्टीने ज्यांत फरक नाही, त्यांत रूढीने आकाशपाताळाचे अंतर ठेवले. हे अंतर आजही पुसलेले नाही. गणेशविसर्जनाच्या वेळी नदीकाठी नगरपालिका जे निर्माल्यकलश ठेवतात, ते पाहावेत. त्यांतील फुलांचे पुढे खतच होते. तरी त्या पात्राला कोणी कचराकुंडी म्हणत नाही, म्हटले तर ते भरणारही नाही. नियम करणाऱ्यांनी भाषेशी केलेली ही तडजोड आम्हांला शहाणपणाची वाटते.

घरातील केराचा आणखी एक नियम होता : तो काढायचा कोणी. उत्तर अर्थातच घरातील स्त्रीने. दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू नये, केरसुणीला पाय लावू नये, ती उभी ठेवू नये, हे सारे संकेत तिलाच पाळायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात; तिला ‘लक्ष्मी’च म्हणतात. ती शिंदीच्या पानांची केरसुणी परंपरेने मांग समाजातील माणसे बांधत. पूजेच्या पाटावर केरसुणीला जागा होती, ती बांधणाऱ्या हातांना उंबरठ्याच्या आत जागा नव्हती.

उंबरठ्याच्या बाहेर

उकिरडा बहुधा ज्याचा त्याचा, परसातला किंवा गावाच्या कडेचा. त्यापलीकडे गावाची म्हणून जी घाण होती, तिची व्यवस्था बलुतेदारीने लावली होती. गावचावडीपुढची झाडलोट, मेलेली जनावरे ओढून नेणे ही महारांची कामे. कातड्याशी, दोराशी आणि केरसुणीशी संबंधित कामे मांग-चांभारांकडे. त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा, आणि दारोदार मागून आणायचे शिळे अन्न. या व्यवस्थेत काही वाया जात नसे हे खरे. मेलेल्या बैलाचे कातडे मोटेला लागे, मांस खाल्ले जाई, हाडेही पडून राहत नसत. आजच्या परिभाषेत हे संपूर्ण पुनर्वापराचे गाव म्हणता येईल. पण तो पुनर्वापर ज्यांच्या हातांवर चालला होता, त्यांना ते काम नाकारण्याचा अधिकार नव्हता.

संतसाहित्यात या व्यवस्थेचे दोन लख्ख साक्षीदार आहेत. चोखोबांच्या नावावरील ‘जोहार’च्या अभंगांत बोलणारा सेवक धन्यापुढे उभा राहतो तो उष्ट्याची मागणी घेऊन; ते न्यायला त्याने पाटीही बरोबर आणलेली असते. भक्तीचे रूपक म्हणून हा अभंग आपण शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण रूपकाला ज्या वास्तवाचा आधार लागतो, ते वास्तव येथे पाटीच्या रूपाने समोर आहे. एका घरचे टाकाऊ हे दुसऱ्या घरचे जेवण, आणि ते मागण्याची एक ठरलेली पद्धत, ठरलेले शब्द, ठरलेले अंतर. दुसरी साक्ष जनाबाईची. तिच्या अभंगात ती झाडलोट करते आणि केर भरायला प्रत्यक्ष पंढरीचा राणा येतो. केर काढणे आणि तो भरून बाहेर नेणे या दोन कामांत समाजाने जी उतरंड लावली होती, तिच्या तळाशी या दासीने देवाला नेऊन ठेवले. समतेवरची पुष्कळ व्याख्याने या एका कल्पनेपुढे फिकी पडतात.

ही उतरंड मोडण्याचा व्यवहारातील प्रयत्न विसाव्या शतकात झाला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मेलेली जनावरे ओढण्याचे, मृतमांस खाण्याचे आणि शिळ्या तुकड्यांवर जगण्याचे सोडून देण्यास सांगितले. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. चवदार तळ्याच्या पाण्याचा इतिहास आपण शिकवतो. त्याच परिषदेत गावाची घाण उपसण्याला दिलेला नकार मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जातो. वास्तविक पाणी आणि घाण ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. स्वच्छ पाण्यावर ज्यांचा हक्क नाही, त्यांच्यावरच घाणीची सक्ती होती.

नगरपालिकेची मालमत्ता

शहरांत बलुतेदारी नव्हती. म्हणून तिथे वेगळे घडले असेल, अशी अपेक्षा कोणी करील. रस्त्यावर केर टाकणाऱ्याला दंड करावा, हा विचार मुळात जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात रस्त्यावर माती-केर टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण, चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्यास पाव पण आणि राजमार्गावर तोच अपराध घडल्यास दुप्पट असा दंड सांगितला आहे. परंतु केर रोज उचलून नेण्याची यंत्रणा, तिच्यासाठी कर, तिच्यावर अधिकारी, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. घरमालकाने किंवा भाडेकरूने आपला केर गोळा करून नेमलेल्या पात्रात टाकावा, आणि त्या पात्रात पडले ते महानगरपालिकेच्या मालकीचे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने प्रथमच स्वच्छ शब्दांत दिले : कुंडीत पडेपर्यंत तुमचे, पडल्यावर सरकारचे. ज्या गरिबाने त्यातून एखादी चिंधी उचलली, त्याने कोणाची वस्तू उचलली हा प्रश्नही त्याबरोबर जन्मला.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कायद्याच्या शब्दसंग्रहातच दडलेले होते. मैला उचलण्याच्या सोयीसाठी मालमत्तेवर बसवलेल्या कराला त्या काळी ‘हलालखोर’ कर म्हणत. हलालखोर म्हणजे कष्टाचे, धर्माला मान्य असे खाणारा. झाडूवाल्यांना हे नाव अकबर बादशहाने दिल्याचे ‘आईन-ए-अकबरी’त नोंदले आहे. नाव सन्मानाचे, काम तेच आणि माणसेही तीच. हे नामांतराचे सत्र तेव्हापासून चालूच आहे. झाडूवाला, सफाई कामगार, स्वच्छतादूत, दर पिढीला एक नवा आणि अधिक सुंदर शब्द सापडतो. मुंबईत हे काम करण्यासाठी गुजरातेतून, उत्तरेतून आणि दख्खनच्या गावांतून जी माणसे आली, ती त्याच जातींतील होती ज्यांच्याकडे गावात ते काम होते. गाव सुटले, वेतन रोख झाले आणि हे दोन्ही बदल मोठे होते. पण आधुनिक नगरपालिकेने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जुन्या गावाकडूनच उसने घेतले.

पुण्यात याचीच एक दुसरी बाजू दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिका मैला आणि केराची राख यांचे खत करून विकू लागली. मराठीत त्याला सोनखत म्हणतात. विटाळाच्या भावनेने शेतकरी आरंभी त्याला शिवत नसत. पुढे मुठा कालव्याचे पाणी आले, शहराभोवती ऊस उभा राहिला, उसाला भरपूर खत लागू लागले आणि विटाळ हळूहळू विरला. बाजारभाव आला की विटाळ जातो, हे यातून दिसते. पण तो खतापुरता गेला. खत करणाऱ्याच्या अंगावरचा गेला नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि केराचा प्रश्न एका रात्रीत जिवाचा झाला. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला. रोग्याच्या घराची कौले काढून आत ऊन आणले गेले, अंथरूण-पांघरूण, कपडे, जुनेपाने सामान बाहेर काढून जाळले गेले. पुण्यात रँड यांच्या अमलात हे कसे झाले आणि २२ जून १८९७ रोजी त्याची परिणती कशात झाली, हे सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट नोंदवतो. आपल्या घरातील काय ठेवण्याजोगे आणि काय टाकण्याजोगे, हे ठरवण्याचा अधिकार घराकडून प्रथमच सरकारकडे गेला. आजीची गोधडी ही सरकारच्या दृष्टीने जंतूंनी भरलेली चिंधी ठरली. त्या संतापात जुलमाची चीड होती, तशी ही अडगळीच्या मालकीची जखमही होती.

याच सुमाराचे दुसरे परिवर्तन अंतराचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा केर आगगाडीने चेंबूरकडे जाऊ लागला. १९२७ पासून देवनारची कचराभूमी वापरात आली. उकिरडा परसात होता तेव्हा त्याचा वास आपल्यालाच येई. तो शहराच्या टोकाला गेला आणि डोळ्यांआड झाला. ज्या गोष्टीचे पुढे काय होते ते दिसत नाही, ती वेगळी का ठेवावी हे कळेनासे होते. वर्गीकरणाची मराठी सवय आळशीपणाने मेली असे म्हणतात; आमच्या मते ती या अंतराने मेली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला आणि धूर शहरभर पसरला, तेव्हा मुंबईने आपला उकिरडा बऱ्याच वर्षांनी हुंगला.

पॅरिसचा एक अधिकारी

हा सारा दोष आपल्या जातिव्यवस्थेचा, इतर समाजांत हा प्रश्न नसणार, असे कोणी म्हणेल. म्हणून थोडा वेळ पॅरिसला जाऊ. १८८३ च्या नोव्हेंबरात तेथील प्रशासक यूजेन पुबेल यांनी हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाची पात्रे ठेवावीत. मूळ योजनेत पात्रे तीन होती : एक कुजणाऱ्या पदार्थांसाठी, एक कागद व चिंध्यांसाठी, एक काच, चिनी माती आणि कालवांच्या शिंपल्यांसाठी. आपल्याकडे जे वर्गीकरण एकविसाव्या शतकात आले, ते तिथे एकशेवीस वर्षांपूर्वी कागदावर होते. लोकांनी ते पाळले नाही. मात्र पात्र राहिले, आणि फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही त्या अधिकाऱ्याच्या नावानेच ओळखतात. भाषेने घेतलेला हा सूड म्हणावा की दिलेला मान, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण आरडाओरडा सर्वांत मोठा झाला तो चिंध्या वेचणाऱ्यांचा. रात्री रस्त्यावर ओतलेल्या ढिगांतून कंदिलाच्या उजेडात कागद, चिंध्या, हाडे वेचून जगणारे हजारो लोक त्या शहरात होते. बोदलेरने १८५७ च्या आपल्या संग्रहात त्यांच्यावर कविता लिहिली आणि पुढे वॉल्टर बेंजामिनने शहरातील कवीची तुलनाच या चिंध्या वेचणाऱ्याशी केली. झाकणाचे पात्र पहाटे बाहेर ठेवायचे आणि लगेच गाडीत रिकामे करायचे, म्हणजे या माणसांच्या हाती वेळ उरत नाही. स्वच्छतेच्या नियमाने त्यांचे पोट कापले. प्रशासनाला त्यांना काही सवलती द्याव्या लागल्या, पण त्यांचा धंदा ओसरत गेला. जात नसलेल्या समाजातही तिसरा प्रश्न होता; तिथे तो दारिद्र्याने सोडवला. आपल्याकडे जात आणि दारिद्र्य दोघांनी मिळून सोडवला, इतकाच फरक.

इंदूर आणि गोपुरी

आता खताकडे. उकिरड्याचे शास्त्र करण्याचे श्रेय ज्या प्रयोगाला जाते, त्याचा मराठी माणसाशी जवळचा संबंध आहे, हे फारसे सांगितले जात नाही. होळकरांच्या इंदुरात १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पतिसंस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलटेपालटे करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. ‘इंदूर पद्धती’ या नावाने ती जगभर गेली. १९३१ मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे वाड यांनी जॅक्सन यांच्यासह शहरातील केर-मैल्याला ही पद्धत लावून पाहिली. शेतकऱ्याचा उकिरडा उघड्यावर पडून राहतो, त्यातील सत्त्व उन्हापावसात जाते. हवा आणि ओलावा यांचे प्रमाण सांभाळले तर तोच लवकर आणि चांगला कुजतो, हे या प्रयोगाचे सार. म्हणीतील बारा वर्षे येथे तीन महिन्यांवर आली. तेच इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

परंतु पद्धत सुधारली तरी हात बदलत नाही. हात बदलण्याचा प्रयोग कोकणात झाला. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथले भंगीकाम जातीवरून वाटले जाई. ते आपल्याला करू द्यावे, असा आग्रह अप्पांनी धरला. तो नाकारला गेला, तेव्हा त्यांनी अन्नसत्याग्रह केला आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. सरकारला नमावे लागले. घाणीला हात लावण्याची परवानगी मिळावी म्हणून दोन माणसांनी उपास करावा, असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच असेल. १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे अप्पांनी मैल्यापासून खत होईल असे संडास बसवले, मेलेली जनावरे स्वतः सोलली. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र या साऱ्याची साक्ष आहे. विदर्भात याच काळात हातात खराटा घेऊन गाडगेबाबा गावोगाव फिरत होते. आधी झाडायचे आणि मग कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता.

या थोर माणसांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात भंगीकामाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. जे काम एका समाजाच्या गळ्यात जन्माने बांधले आहे, त्या कामाचे पावित्र्य त्याच समाजाला ऐकवणे हा त्यांच्या मते क्रूर प्रकार होता. अप्पांचा मार्ग आणि ही टीका एकमेकांविरुद्ध आहेत असे वरवर दिसते. आम्हांला तसे वाटत नाही. वरच्या जातीच्या माणसाने झाडू हाती घेणे आणि खालच्या ठरवलेल्या माणसाने तो खाली ठेवणे, ही एकाच बदलाची दोन अंगे आहेत. अडचण अशी की पहिले अंग अपवादांपुरते राहिले आणि दुसऱ्याला पोटाने अडवले.

बादल्या आणि ओळखपत्रे

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतून पुण्याला जी कुटुंबे आली, त्यांतील अनेक बायका कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. त्यांत नवबौद्ध आणि मातंग समाजाच्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. गावात उंबरठ्याबाहेरची जी कामे होती, त्यांची ही शहरी आवृत्ती. फक्त येथे बलुते नव्हते आणि मालकही नव्हता. उकिरड्यावर दिसणाऱ्या बाईकडे रहिवासी आणि पोलीस दोघेही चोर म्हणून पाहत. १९९३ मध्ये या स्त्रियांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली; डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. तिची पहिली मागणी दयेची नव्हती. आम्ही शहराचे काम करतो, आमची नोंद करा, अशी होती. नव्वदच्या दशकातच या स्त्रियांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. अरुण कोलटकरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी संग्रहात काळ्या घोड्याच्या चौकातील केरावर आणि तो पायांनी दाबून भरणाऱ्या बाईवर कविता लिहिल्या. त्या वाचताना पुण्याच्या या ओळखपत्रांची आम्हांला आठवण होते. कवीने पाहिले आणि पंचायतीने नोंदवले. दिसेनासे झालेले माणूस दोन्हीकडे पुन्हा दिसू लागते.

दरम्यान नियम बदलत होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अलमित्रा पटेल यांच्या जनहित याचिकेतून देशभरासाठी नागरी घनकचऱ्याचे २००० सालचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, वापरलेली सॅनिटरी नॅपकिन्स गुंडाळून द्यायला सांगितले आणि ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या करून त्यांना व्यवस्थेत सामील करून घ्या, असे नगरपालिकांना बजावले. पुबेलची तीन पात्रे आणि ही तीन पात्रे यांत हा फरक मोठा आहे. तिथे वेचणारा नियमाच्या बाहेर पडला होता. इथे, निदान कागदावर, तो नियमाच्या आत आला. पुण्यात त्याची सुरुवात आधीच झाली होती. २००८ मध्ये पंचायतीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने करार केला. कचरावेचक घराच्या दारातून कचरा घेऊ लागल्या, त्यासाठी घराकडून शुल्क आणि वेगळ्या केलेल्या भंगाराचे पैसे त्यांना मिळू लागले. कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे, आणि यंत्रे व ठेकेदार यांची टांगती तलवारही आहे. शिवाय कचरा अजून गावाबाहेर जातोच. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी २०१७ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा परसातला उकिरडा दुसऱ्याच्या परसात नेण्याला मर्यादा आहेत, हे शहराला कळले.

कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगळा करून घेऊन, पुढे त्याचे वीसहून अधिक प्रकार करून, कचराभूमीच नाहीशी केली. जिथे ढीग होता तिथे लोक आता सहलीला जातात. जपानमधील कामिकात्सु या दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली. तिथे कचरागाडीच फिरत नाही. ओल्याचे खत ज्याने त्याने घरी करायचे. बाकीचे धुऊन, वाळवून स्वतः केंद्रावर न्यायचे आणि चाळीसहून अधिक पेट्यांत आपल्या हाताने वाटायचे. ज्या देशात एदो काळात मेली जनावरे ओढणारा आणि कातडी कमावणारा समाज बहिष्कृत होता, त्या देशातील हे गाव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चाळीस पेट्यांचा अर्थ अधिक खोल होतो. पेट्यांच्या संख्येचे कौतुक पुष्कळ होते. आम्हांला त्यातील महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की वाटणारा हात ज्याचा कचरा त्याचाच आहे.

म्हणून ‘आपल्या पूर्वजांच्या घरात काहीच वाया जात नसे’ हे वाक्य पुन्हा ऐकू आले, तर त्याला पुरवणी जोडावी अशी आमची आमच्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना विनंती आहे. पूर्वजांच्या घरात वस्तू वाया जात नसत, माणसे जात. त्या व्यवस्थेकडून घ्यायचे ते घ्यावेच : उष्टे, खरकटे, केर, अडगळ यांतला विवेक आणि गोधडीची काटकसर. पण तिने तिसऱ्या प्रश्नाला दिलेले उत्तर घेऊ नये. स्वयंपाकघरातील दोन बादल्या पर्यावरणाच्या नावाने ठेवल्या जातात, ते ठीकच आहे. त्यामुळे रोज सकाळी दारात येणाऱ्या बाईला आपले ओले-सुके हाताने चिवडावे लागत नाही, हे कारण आमच्या लेखी अधिक जुने आणि अधिक निकडीचे आहे.